रेकॉर्ड उलटायला कुणी उठायचं

मखमलाबादच्या मळ्यातली पत्र्याची शेड पाडायच्या आधी मी तीन याद्या केल्या होत्या. पहिली नव्या फ्लॅटमध्ये न्यायच्या वस्तूंची, दुसरी लोकांना द्यायच्या वस्तूंची आणि तिसरी भंगाराची. तिन्ही याद्या अजून माझ्याकडे आहेत. तिसऱ्या यादीत सतराव्या ओळीवर लिहिलंय : 'रेकॉर्ड ११४, प्लेअर १ (बंद), कर्णे २.' त्याच्यापुढे बरोबरची खूण आहे. काम झालं की मी अशी खूण करते. शाळेच्या कार्यालयात सव्वीस वर्षं काढली, हाताला वळणच तसं पडलंय.

प्लेअरपुढे मी 'बंद' लिहिलं, कारण बटण दाबल्यावर तो फिरला नाही. त्याचा रबरी पट्टा तुटला होता, एवढंच. नवीन मिळतो का ते बघायला दादा तो तुटका पट्टा खिशात घालून आठवडाभर मेन रोडच्या दुकानांतून फिरत होता. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी विचारलं, "दादा, रेकॉर्ड देऊन टाकू ना? फ्लॅटमध्ये कुठे ठेवायच्या?" तो विहिरीच्या कठड्यावर बसला होता. म्हणाला, "तुला काय वाटतं ते कर." मी तो होकार समजले. जुना बाजार करणारा एक माणूस टेम्पो घेऊन आला आणि अर्ध्या तासात सगळं घेऊन गेला. दादा कठड्यावरून उठला नाही.

आमचा मळा फुलांचा. गुलाब, शेवंती, निशिगंध आणि दसऱ्याच्या हिशोबाने झेंडू. वडील फुलं करायचे आणि लग्नसराईत लाउडस्पीकर भाड्याने द्यायचे. रेकॉर्ड त्या धंद्यातल्या. मग कॅसेटी आल्या आणि मांडववाल्यांना रेकॉर्ड नकोशा झाल्या. एकशे चौदा रेकॉर्डचं करायचं काय, म्हणून वडिलांनी प्लेअर शेडमध्ये आणून लाकडी घडवंचीवर ठेवला. सकाळी तोड व्हायची. दुपारी दोनपासून शेडमध्ये निवड आणि बांधणी चाले. वस्तीवरच्या सहा-सात बायका जमिनीवर पोती टाकून बसायच्या. गुलाबाची खालची पानं काढायची, वीस-वीसची जुडी करायची, कागदात गुंडाळायची. काम कंटाळवाणं होतं. गाणी लागली की हात चालायचे.

हळूहळू शेडमध्ये वेळ रेकॉर्डवरच मोजायला लागले. मोठ्या रेकॉर्डची एक बाजू साधारण वीस-बावीस मिनिटं वाजते. शेवंतीला दोन बाजू, गुलाबाला तीन, दोन बाजू झाल्या की चहा. कुणाला घरी जायची घाई असली तर ती म्हणायची, "एक बाजू करते आणि निघते." घड्याळ शेडमध्ये होतं, पण त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. बाजू संपली की पिन शेवटच्या रेघेत खरखरत फिरत राहायची आणि बायकांपैकी कुणीतरी हाक मारायची, "दादा, बाजू!" दादा तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा होता. असेल तिथून यायचा, पाणी धरत असला तर चिखलाचे पाय घेऊन यायचा, हात पुसायचा आणि रेकॉर्ड उलटायचा.

माझ्या आयुष्यातली पहिली यादी या शेडमधली. मी सहावीत होते. दादा कधीकधी छोट्या रेकॉर्ड लावायचा, त्या तीन मिनिटांत संपायच्या आणि त्याला सारखं पळावं लागायचं. वडील मला म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे. कुठली किती वाजते ते लिहून काढ." मी उन्हाळ्याची अख्खी सुट्टी शेडमध्ये घड्याळ घेऊन बसले. दोनशे पानी वही, हिरवी शाई. रकाने असे : क्रमांक, गाणी, पहिली बाजू, दुसरी बाजू, काम. वेष्टनाच्या कोपऱ्यातही क्रमांक टाकला आणि खाली लिहिलं, 'शेवंती, दोन्ही बाजू' किंवा 'निशिगंध, फक्त दुसरी'. कुठल्या गाण्यांना कुठलं काम, हे ठरवलं बायकांनी. निशिगंधाची फुलं सुटी ओवायची असतात, त्याला संथ गाणी लागतात, असं त्यांचं म्हणणं होतं. भरभर गाण्यांना देठ मोडतात म्हणे. मी ऐकलं तसं लिहिलं.

ती वही मी पहिल्या यादीत घातली होती. 'न्यायच्या वस्तू, ओळ चार : रेकॉर्डची वही.' हे मी केलं. रेकॉर्ड भंगारात दिल्या आणि रेकॉर्डची यादी जपून नेली. आणि त्यात काही चुकतंय असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

वडिलांनंतर मळा दादानेच केला. त्याने लग्न केलं नाही. मी लग्न होऊन नाशिकरोडला गेले. पुढे शहर वाढत वाढत बांधापर्यंत आलं, रस्त्याची आखणी आमच्या शेवंतीतून गेली आणि शेवटी जमीन बांधकामाला दिली. निर्णय दोघांचा होता. पण कागद मी वाचले, मुद्दे मी काढले आणि तो सही करत गेला. बदल्यात मिळालेला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट त्याच जमिनीवर आहे. शेड साधारण जिथे होती तिथे आता दुचाकी लावतात.

पहिले दोन-तीन महिने सगळे म्हणत होते, बरं झालं, आराम मिळाला. तोही हो म्हणायचा. मग त्याने दाढी करणं सोडलं. मग आंघोळ. मी डबा घेऊन जायचे तेव्हा तो पलंगाच्या कडेला बसलेला असायचा, आणि दोन तासांनी निघताना तिथेच, तसाच. जेवण कसं झालं विचारलं तर म्हणायचा, "झालं." झोप लागते का, तर "लागते." डोळे बघून कळायचं की लागत नाही.

मी कामाला लागले. मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. याबद्दल मला कसलाही खेद नाही, उलट ते आणखी सहा महिने आधी करायला हवं होतं. डॉक्टर चांगले होते. त्यांनी गोळ्या दिल्या, त्या लागू पडायला वेळ लागेल हे आधीच सांगितलं, आणि पडल्याही. झोप सुधारली. आधी पोटात काही टिकत नव्हतं, ते थांबलं. पण गोळ्या पलंगाच्या कडेपर्यंत आणून सोडतात, तिथून उठायचं माणसानेच. डॉक्टरांनी हे मला वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. दिवसाला काहीतरी आकार हवा, म्हणाले. मी त्या दिवशी घरी येऊन वेळापत्रक छापलं. सहाला उठणे, साडेसहाला फेरफटका, सातला चहा, असं रात्री साडेनऊपर्यंत. ते फ्रिजवर चिकटवलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी दादाला विचारलं, "तुम्हाला काय आवडतं?" दादा ओठ ओले करत होता, काहीतरी बोलणार होता. मीच म्हणाले, "गाणी. पहिल्यापासून गाण्यांचं वेड."

डॉक्टर म्हणाले, "मग गाणी ऐका ना."

यादीतलं काम मिळालं की मला हुरूप येतो. वही काढली. एकशे चौदा रेकॉर्डवरची सगळी गाणी मी संगणकावर टाइप केली. माझ्या मुलीने ती कुठून कुठून मिळवून दिली. जी मिळाली नाहीत त्यांची वेगळी पुरवणी यादी केली. सगळी गाणी अकारविल्हे लावली, म्हणजे शोधायला सोपं. एक चांगला स्पीकर आणला, बिनवायरचा, डब्याएवढा. पलंगाशेजारी ठेवला आणि दादाला दाखवलं : हे बटण दाबायचं, बस. एकामागून एक लागत राहतील. तीन दिवस वाजत राहिली तरी संपणार नाहीत.

त्याने ऐकलं. दिवसभर ऐकलं. पुढच्या बुधवारी गेले तर स्पीकर चालू होता आणि तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. लग्नाचं गाणं संपून अभंग लागला, अभंग संपून लावणी, कारण अकारविल्हे होतं. मी विचारलं, "ऐकतोस ना?"

"वाजतंय," तो म्हणाला.

"आवडत नाही का?"

भिंतीकडे तोंड ठेवूनच तो म्हणाला, "ह्याला बाजू नाही गं."

मी म्हणाले, "अरे, तोच तर फायदा आहे. उठावं लागत नाही."

हे वाक्य मी बोलले. कुणी माझ्याबद्दल सांगितलं असतं तर मी मानलं नसतं. पण मला ते शब्द आठवतात, मी ते बोलताना स्पीकरवरची धूळ रुमालाने पुसत होते हेही आठवतं. माझ्यासाठी विषय संपला होता. खूण झाली होती.

अशी चार वर्षं गेली. वाईट गेली असं म्हणता येणार नाही. गोळ्या चालू होत्या, तपासण्या वेळेवर होत्या, रक्तदाब ठीक होता. माझ्या वहीत सगळं हिरवंगार होतं. फक्त तो पलंगावर होता.

गेल्या दसऱ्याला मावशी आल्या. आमच्या शेडमधल्या सगळ्यात जुन्या. त्यांचं वय आता सत्तरीच्या पुढे असेल. पंचवटीत फूलबाजारात एका गाळ्यावर बसून त्या अजून हार करतात. झेंडूचं तोरण घेऊन लिफ्टने वर आल्या, दारातच मला म्हणाल्या, "त्या पेटीत बसून मला मळमळलं. दादा कुठंय?"

दादा आत होता. स्पीकर चालू होता. मावशी पलंगाजवळ खाली फरशीवर बसल्या, खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. "लय बारीक झालात," एवढंच म्हणाल्या. तो हसल्यासारखा झाला. मग त्या उठून स्वयंपाकघरात माझ्यामागे आल्या.

"किती दिस असं?"

"मळा गेल्यापासून. औषधं चालू आहेत मावशी. डॉक्टर चांगले आहेत."

"आसतील. आन् उठवतं कोन त्यांना?"

मी फ्रिजवरचा कागद दाखवला. मावशींना वाचता येत नाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हा उठवतो व्हय?"

मला राग आला होता, पण त्यांच्यासमोर तो दाखवायची सोय नव्हती. त्यांनी मला फ्रॉकमध्ये पाहिलं आहे. मी चहा टाकला. त्यांनी विचारलं, "थोरले मालक गेले तवाचं तुम्हाला ठाव नाय?"

थोरले मालक म्हणजे वडील. ते गेले तेव्हा दादा सत्तावीस वर्षांचा होता. माझं लग्न आदल्याच वर्षी झालेलं, मी बाळंतपणाला आले होते, तेराव्यानंतर परत गेले. दादाची तब्येत मध्यंतरी बरी नव्हती, एवढं कानावर होतं. कावीळ असेल असं मी धरून चालले होते.

मावशींनी सांगितलं ते असं. वडील गेल्यावर दादाने अंथरूण धरलं. शेडच्या मागच्या खोलीत पडून राहायचा. तोंड धुवायचा नाही, बोलायचा नाही. मळा बायकांनीच ओढला. दुपारी निवडीला बसायच्या तेव्हा प्लेअर गप्प असायचा. चार दिवस गेले. मग एका दुपारी मावशींनी स्वतःच एक रेकॉर्ड लावली. वीस मिनिटांनी बाजू संपली. सवयीने कुणीतरी हाक मारली, "दादा, बाजू."

"आन् आले," मावशी म्हणाल्या. "भुतावानी आले. दाढी वाढल्याली. कुनाकडं बघितलं नाय. रेकॉर्ड उलटली, परत जाऊन पडले. आम्ही येकमेकींकडं बघितलं. दुसरी बाजू संपली, परत हाक मारली. परत आले."

"मग?"

"मग ठरलं आमचं. कोनी हात लावायचा नाय पेटीला."

"तुम्हाला येत होतं ना लावता?"

"न यायला काय झालं. भाकर उलटती ती बाई रेकॉर्ड उलटणार नाय व्हय? पन ठरलं. ते येईस्तोवर बसून राहायचं. फुलं हातात घ्यायची नाय, काम करायचं नाय. पिन खरखरती तर खरखरू दे. येक दिवस अर्धा घंटा बसलो आम्ही तशा. गाडी चुकली फुलांची. पन आले."

"त्याला कळलं नाही?"

"कळलं नसंल? माणूस हाय का धोंडा? पयल्या दिवशी चार येळा उठले, पुढं धा येळा. पंधरा दिसांनी जायचंच सोडलं खोलीत, तिथंच पोत्यावर बसाय लागले. म्हनले, सारखं येनंजानं कोन करील."

मावशींनी बशीत चहा ओतला. मग म्हणाल्या, "ताई, तुम्ही लहानपनापासून समदं लिहून ठेवता. ऐकून मातर कायच घेत नाय."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत. चहा फुंकताना बोलल्या. दादाच्या खोलीत स्पीकरवर एक गाणं संपून लगेच पुढचं लागलं. मधे जागाच नव्हती. तेवढ्या वेळात मला पहिल्यांदा ते जाणवलं. चार वर्षं मी त्याच्या उशाशी असं यंत्र ठेवलं होतं की ज्याला त्याची कधी गरज पडणार नव्हती.

मी हे लिहिते आहे तेव्हा सावध राहायला हवं. रेकॉर्डने आजार बरा होतो असं मी म्हणत नाही, दादाच्या गोळ्या आजही चालू आहेत आणि त्या बंद कराव्यात असं कुणी सुचवलं तर मी त्याला दारातून परत पाठवीन. नंतर मी हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "हे मला पहिल्याच भेटीत का नाही सांगितलंत?" मला माहीत नव्हतं, हे खरं उत्तर. पण माहीत ज्याला होतं तो शेजारच्याच खुर्चीवर बसला होता, आणि त्याच्या वतीने मी बोलले होते.

त्या आठवड्यात मी जुना बाजार करणाऱ्या माणसाचा शोध घेतला. त्याने रेकॉर्ड कधीच विकल्या होत्या. थोड्या मुंबईला गेल्या, थोड्या कुणा हौशी माणसाने नेल्या, काही कॉलेज रोडला एका दुकानात. मला वाटलं तो गंमत करतोय. रेकॉर्डचं दुकान, आता?

दुकान खरंच होतं. पुढे कॉफी, मागे रेकॉर्ड. माझ्या मुलीच्या वयाची मुलंमुली उभ्याने रेकॉर्ड चाळत होती, जशा आम्ही साड्या चाळतो. नव्या कोऱ्या रेकॉर्डही होत्या, प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या, आणि प्लेअर, हलके, रंगीत, बॅगेसारखे उघडणारे. माझ्यासारखी बाई तिथे दुसरी नव्हती. गल्ल्यावरच्या मुलीने विचारलं, "काकू, कुणाला गिफ्ट द्यायचंय का?" मी म्हणाले, जुन्या मराठी बघायच्या आहेत. तिने खालचं खोकं ओढून दिलं.

सातवी की आठवी रेकॉर्ड असेल. वेष्टनाच्या उजव्या कोपऱ्यात हिरव्या शाईत '६१'. शाई फिकट झाली होती. खाली माझं सहावीतलं टपोरं अक्षर : 'निशिगंध, फक्त दुसरी.'

माझ्या हाताकडे बघून ती मुलगी म्हणाली, "त्याच्यावर लिहिलंय काकू, पण आत एकदम क्लीन आहे. आम्हाला तर ते फार आवडतं. निशिगंध, फक्त दुसरी. कुणीतरी कवी असणार, प्रेमभंगवाला."

"फुलं ओवायची असायची," मी म्हणाले. "पहिली बाजू जरा भरभर आहे. देठ मोडायचे."

तिला काही कळलं नाही. त्या खोक्यात आमच्या तीन रेकॉर्ड निघाल्या. एकसष्ट, अठ्ठ्याण्णव आणि नऊ. प्लेअरही घेतला. दुकानातल्या मुलाने तो कसा लावायचा ते दाखवलं आणि अभिमानाने म्हणाला, "आणि ह्याला ऑटो-स्टॉप आहे. रेकॉर्ड संपली की आपोआप थांबतो." मी म्हणाले, ती सोय नसलेला द्या.

रविवारी दुपारी मावशींना रिक्षाने आणलं. त्या येताना निशिगंधाची सुटी फुलं आणि दोरा घेऊन आल्या. दादाच्या खोलीतच चटई टाकली. प्लेअर समोरच्या भिंतीशी स्टुलावर ठेवला, पलंगापासून सात पावलांवर. ती मी मोजली होती. आधी पलंगाशेजारीच ठेवत होते, हात पोचेल असा. मावशी म्हणाल्या, "तिकडं लांब."

दादा बघत होता. वेष्टन त्याच्या हातात दिलं. त्याने कोपऱ्यातल्या आकड्यावरून अंगठा फिरवला. "एकसष्ट," म्हणाला. आणि मग, "बाकीच्या?"

"गेल्या दादा. तीन मिळाल्या."

त्याने मान हलवली. मी बोलून घ्यायला हवं होतं, चुकलं माझं, विचारायला हवं होतं तुला. मी घरून येताना तेवढं पाठ करून आले होते. तो वेष्टन बघत राहिला आणि मी रेकॉर्ड लावायला उठले. दुसरी बाजू.

मावशींनी माझ्या हातात दोरा दिला. आम्ही ओवायला लागलो. गाण्यांबद्दल काय सांगू. तीच होती. मधे एका ठिकाणी खट्ट व्हायचं तिथे खट्ट झालं. दादा पलंगावर उशीला टेकून बसला होता, डोळे मिटून. पडला नव्हता, एवढं मी पाहिलं. वहीत या बाजूपुढे एकवीस मिनिटं लिहिलेली आहेत, आणि तेवढीच लागली. मग गाणं संपलं आणि पिन खरखरायला लागली.

"दादा, बाजू," मावशींनी हाक दिली, शेडमध्ये द्यायच्या तशी, मोठ्याने.

त्याने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "उचल ना ती पिन. खराब होईल."

मी उठायला लागले. माझे पाय आपोआप उठतात. मावशींनी माझा पदर गुडघ्याखाली दाबून धरला होता.

"मला नाही येत," मी म्हणाले.

"आत्ता तर लावलीस."

"उचलायला नाही येत."

त्याला कळलं. सत्तावीस वर्षांचा असताना कळलं होतं तसंच आताही कळलं असणार. मावशींनी फुलं खाली ठेवली, म्हणून मीही ठेवली. खरखर चालू राहिली. मला घड्याळ दिसत होतं, त्याच्याकडे न बघणं फार कठीण गेलं. एका जागी हात रिकामे ठेवून बसायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

बऱ्याच वेळाने त्याने पाय खाली सोडले. तरी लगेच उठला नाही. चार वर्षं जो माणूस दिवसातून दोनदा बाथरूमपर्यंत जातो, त्याच्या पोटऱ्या काय राहिल्या असतील, हे मी तेव्हा पाहिलं. पलंगाचा कठडा धरून उभा राहिला. सात पावलं गेला. पिन उचलली. रेकॉर्ड उचलून दोन्ही तळव्यांत धरली, कडेने, बोटं न लावता, आणि उजेडात तिरपी करून पाहिली. त्याने ती उलटली नाही. वेष्टनात घातली, वेष्टन स्टुलाला टेकवून ठेवलं.

"फक्त दुसरी लिहिलंय," तो म्हणाला, आणि परत जाऊन पलंगावर बसला.

मावशी हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "येकच बाजू झाली. च्या नाय मिळायचा."

याला आता वर्ष होत आलं. आणखी आठ रेकॉर्ड सापडल्या, बाकीच्या एकशे तीन कुठे आहेत माहीत नाही आणि बहुतेक कळणारही नाही. दादा काही दिवशी चार वेळा उठतो. काही दिवशी एकदाही नाही, आणि मग संध्याकाळी मी स्वतः प्लेअर बंद करते आणि डबा धुऊन घरी जाते. मावशींचं म्हणणं, तेव्हा त्याच्याभोवती सात बायका होत्या, आता दोघीच, आणि तेव्हा तो सत्तावीसचा होता. उशीर फार झाला, असं त्या म्हणत नाहीत. म्हटलं असतं तरी चाललं असतं.

पाठ केलेलं वाक्य मी त्याला एकदा सांगितलं. तो नखं कापत होता. म्हणाला, "मी तरी कुठे नाही म्हणालो होतो." हे त्याने मला सोडवण्यासाठी म्हटलं. पण मला विहिरीच्या कठड्यावरचा तो दिसतो. खिशात तुटका पट्टा घेऊन बसलेला माणूस आणखी किती स्पष्ट नाही म्हणणार होता.

फ्रिजवरचं वेळापत्रक मी काढून टाकलं. बुधवार आणि रविवार दुपारी निशिगंध घेऊन जाते. माझा हार अजून सरळ येत नाही. मावशी तो सोडवून पुन्हा करतात, आणि खरखर सुरू झाली की मला म्हणतात, "ताई, बसा."